हळद लागलेलं इंजिन

इंजिनाला भोकं असतात, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. एखाद-दुसरं नव्हे, चांगली ओळीने पाडलेली वाटोळी भोकं, आणि प्रत्येक भोकावर वाटीसारखी पत्र्याची एक टोपी ठोकून बसवलेली. ती टोपी शाबूत असते तोवर तिचं नावही कुणाच्या तोंडी येत नाही. मी गाडी चालवतो म्हणजे काय करतो, तर चावी फिरवतो, आरशात केस नीट करतो आणि निघतो. आत काय चाललंय याची चौकशी करणं मला आगाऊपणाचं वाटतं. बायकोच्या माहेरच्या मंडळींशीही माझं धोरण हेच आहे, आणि संबंध उत्तम आहेत.

मी भूगोलाचा शिक्षक. मूळचा राजापूरचा, पण नोकरीचं निम्म्याहून जास्त आयुष्य दादरा-नगर हवेलीत, सिल्वासात गेलं. आमच्या शाळेत मला मान आहे. म्हणजे मी वर्गात शिरलो की मुलं उभी राहतात आणि मी बाहेर पडलो की बसतात, एवढा नक्कीच आहे. तो मान मी एका दुपारी स्टाफरूममध्ये, चहा यायच्या आधी, स्वतःच्या हाताने धोक्यात घातला. त्याची ही हकिगत.

आमच्याकडे निवृत्त होणाऱ्या माणसाला गाडीतून घरी पोचवायची पद्धत आहे. शाल, नारळ, भाषणं झाली की शिक्षण खात्याची जीप झेंडूने सजवतात, निवृत्त होणाऱ्याला ड्रायव्हरशेजारी पुढे बसवतात आणि साहेबलोक मागे दाटीवाटीने कोंबून घेतात. वर्षानुवर्षं ज्यांनी आपल्याला उभं ठेवलं, ते त्या एका संध्याकाळी आपल्या मागे, गुडघे पोटाशी घेऊन बसलेत, हे बघायला मिळणं हाच खरा सत्कार. शाल आपली निमित्तमात्र.

जानेवारीअखेर आमच्या कमळाबाई निवृत्त होणार होत्या. कमळाबाई म्हणजे शाळेच्या शिपाई. कागदावर त्यांच्या पदाला आता एक लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण काम तेच. शाळा उघडायची, झाडायची, चहा करायचा, पडलेल्या मुलाच्या गुडघ्याला औषध लावायचं आणि घंटा द्यायची. त्यांची शाळा सुटल्याची घंटा मी डोळे मिटून ओळखली असती. आधी एक लांब टोल, मग जरा थांबणं, आणि मग भराभर भराभर, जणू मुलांच्या आधी घंटेलाच घरी जायचंय. गेल्या वर्षी आपोआप वाजणारी विजेची घंटा बसली. ती वेळेवर वाजते आणि गुरगुरते. कमळाबाईंनी पितळी घंटेवरची धूळ पुसणं मात्र सोडलं नव्हतं.

त्यांचं गाव दुधनी, मधुबनच्या जलाशयाकाठी. आठवडाभर त्या सिल्वासात एका खोलीत राहायच्या आणि शनिवारी प्रवासी जीपला मागे लोंबकळत घरी जायच्या. तर या वेळी त्यांनी रीतीप्रमाणे मानाने जावं म्हणून आमच्या मुख्याध्यापिका रूपाली मॅडमनी खात्याकडे जीप मागितली. खात्याने उत्तर दिलं, आणि काय उत्तर दिलं! कर्मचारी सेवेत असेपर्यंत कामाच्या वेळेत मुख्यालय सोडता येत नाही, आणि कामाची वेळ संपल्यावर सदर व्यक्ती कर्मचारी राहत नसल्याने तिला सरकारी वाहन देता येत नाही. दोन्ही वाक्यं बिनचूक. कमळाबाई कर्मचारी आहेत आणि नाहीतही, असा एखादा क्षण शोधून कळवावा, एवढंच लिहायचं बाकी ठेवलं होतं. मागच्या वर्षी आमचे पाटील सर निवृत्त झाले तेव्हा हा तात्त्विक पेच कुणालाच पडला नव्हता.

स्टाफरूममध्ये हे वाचून दाखवलं गेलं आणि माझं डोकं फिरलं. "खड्ड्यात गेली त्यांची जीप," मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "कमळाबाई माझ्या गाडीतून जातील!"

कमळाबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि विचारलं, "पुढच्या शीटवर ना, सर?"

"पुढच्याच!"

"नाय, पाटील सरांच्या वेळंला मीपण होते जीपमध्ये. पार मागं. नारळाच्या पोत्याजवळ."

त्या शनिवारी त्या गावी जाऊन आल्या आणि सोमवारी मला अहवाल मिळाला. भावाने घराची पुढची भिंत रंगवायला काढली होती. भाचा काळू, त्याने वाजंत्री सांगितली होती. लेक सासरहून येणार होती. कमळाबाई पुढच्या सीटवर बसून येणार हे दुधनीत आता लहान पोरालाही माहीत होतं. "सगळ्यांना सांगितला मी," त्या म्हणाल्या, आणि असं हसल्या की मला एकदम भीती वाटली. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे दुसरं काहीही मागितलं नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात गाडीखाली पाणी दिसायला लागलं.

डोकमर्डीतल्या आमच्या सोसायटीत गाडीखाली पाणी दिसणं ही खासगी बाब राहत नाही. सेक्रेटरींना वाटलं मी पार्किंगमध्ये गाडी धुतो, म्हणून त्यांनी नियम वाचून दाखवला. वरच्या मजल्यावरून "कुत्र्याचं असेल" असं मत आलं. एका बाईंनी तर "सर, वय झालं की होतं असं," म्हणून इतक्या मायेने सांगितलं की त्या गाडीबद्दलच बोलत होत्या ना, अशी शंका मला अजून येते. मी रोज सकाळी बादलीभर पाणी रेडिएटरमध्ये ओतायचो आणि ते रोज दुपारपर्यंत जमिनीवर यायचं.

आमचे शेजारी झुंबरभाऊ. मूळचे धुळ्याकडचे, पूर्वी ट्रक चालवायचे, आता नरोलीच्या सूतगिरणीत माल चढवण्याउतरवण्यावर देखरेख करतात. जगातल्या कुठल्याही बिघाडावर त्यांच्याकडे इलाज असतो आणि तो त्यांनी स्वतः, भर जंगलात, एकट्याने केलेला असतो. ते गाडीखाली शिरले, बराच वेळ नुसते पाय दिसत राहिले, आणि आतून आवाज आला, "सर, इंजिन रडी राहिलंय ना मागून."

रडणारं इंजिन घेऊन मी नरोली रोडला नीलेशच्या गॅरेजमध्ये गेलो. नीलेश म्हणजे गाडी बघायच्या आधी निदान करणारा माणूस. मी काच खाली करेपर्यंत तो म्हणाला, "डमी गेली सर."

"कुणाची?"

"इंजिनची. ब्लॉकला भोक असतं, त्याच्यावर डमी असते. आतून सडली. पाणी कुठलं टाकता?"

"बोअरचं."

नीलेशने आकाशाकडे बघितलं. आमच्या बोअरचं पाणी असं आहे की चहाच्या पातेल्याला आतून चुन्याचा हात बसतो. कूलंट म्हणून बाटलीत मिळणारं ते हिरवं सरबत गाडीला पाजणं मला नेहमी उधळपट्टी वाटत आलं होतं. म्हणजे गेली काही वर्षं माझ्या इंजिनाच्या पोटात चुनखडीचा दगड तयार होत होता आणि मी, भूगोलाचा शिक्षक, वर निवांत बसून हॉर्न वाजवत होतो.

"बदलून टाक मग," मी म्हणालो.

"मागची आहे सर. गिअरबॉक्स उतरवावा लागंल. आणि गाडी घेऊ कुठं? खड्ड्यावर टेम्पो उभा आहे खोलून. टेम्पोचा मालक बहिणीच्या शादीत गेला, गावाला. तो आला की तुमचा नंबर. फेब्रुआरी पकडा."

घरी येऊन मी इंटरनेटवर या डमीचा अभ्यास केला. शिक्षकाला अभ्यास नडतो तो असा. तिकडे परदेशात त्या टोपीचं नाव फ्रीझ प्लग. कडाक्याच्या थंडीत इंजिनातलं पाणी गोठतं, गोठलं की फुगतं, आणि मग इंजिन फुटण्याऐवजी ही टोपी उडून जाते म्हणे. हे वाचलं आणि माझा जीव भांड्यात पडला. अहो, सिल्वासा कर्कवृत्ताच्या खाली! आमच्याकडे थंडी म्हणजे पंखा पाचवरून दोनवर. इथे पाणी फक्त फ्रीजमध्ये गोठतं, आणि तेही लाईट असेल तर. तेव्हा शीत कटिबंधासाठी केलेला हा अवयव उष्ण कटिबंधात गळला काय आणि राहिला काय, काही फरक पडत नाही, असा निष्कर्ष मी काढला आणि दुसऱ्या दिवशी नीलेशला नकाशासकट समजावून सांगितला.

नीलेशने सगळं ऐकून घेतलं. "सर, पण पाणी थंडीनं नाय जात. भोकातून जातं." मग आवाज खाली आणून त्याने स्वतःचा सिद्धांत सांगितला. "भोक कंपनीच पाडते, मुद्दाम. डमी खपली पाहिजे ना." थोडक्यात, ही टोपी म्हणजे शुद्ध फसवणूक आहे यावर आम्हा दोन्ही तज्ज्ञांचं एकमत झालं. पाण्याला मात्र आमचं म्हणणं कळलं नाही. ते गळतच राहिलं.

"सरळ एक टॅक्सी सांगा ना," माझी बायको सुलभा भाजी निवडता निवडता म्हणाली.

"मी 'माझी गाडी' म्हणालोय. सगळ्यांसमोर."

"तुम्हाला कमळाबाईंना पोचवायचंय की तुमच्या गाडीला?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून मी चिडलो. चिडून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली गाडी उभी होती आणि तिच्याखाली ओल पसरत होती. मला वाटलं, आपण सगळ्यांसमोर शब्द देतो तेव्हा त्यात समोरच्याचं किती असतं आणि आपलं स्वतःचं किती? मी टेबलावर हात आपटला तेव्हा कमळाबाई दारात उभ्या आहेत हे मला माहीत होतं की नव्हतं? हे विचार मला झेपेनात. इतक्यात खालून झुंबरभाऊंनी हाक मारली, आणि मी सुटलो.

"सर, हळद शे का घरात?"

ट्रकवाले रेडिएटर गळायला लागला की त्यात हळद टाकतात, म्हणे. पाण्याबरोबर फिरत फिरत ती भोकाशी जाऊन बसते आणि फुगून ते बंद करते. झुंबरभाऊंनी हळदीवर एक अख्खा घाट उतरला होता, अर्थातच भर जंगलात, एकट्याने. मी स्वयंपाकघरात गेलो. हळद सुलभाच्या माहेरची, परसातली, तिच्या आईने कुटून पाठवलेली. "देवाच्या डब्याला हात लावलात तर बघा," एवढंच सुलभा म्हणाली आणि बरणी पुढे केली. पण माझ्याकडे पाहिलं मात्र असं, की यापुढे आमटी फिकी झाली तर बोलायची सोय राहिली नाही.

आणि काय सांगू, गळती थांबली! झुंबरभाऊ आणि मी नरोलीपर्यंत जाऊन आलो. गाडीखाली टिपूस नाही. गाडी गरम झाली की कुणाच्या तरी घरी फोडणी पडल्यासारखा वास येई, एवढंच. सोसायटीत माझ्याकडे बघण्याची नजर बदलली. सेक्रेटरी स्वतः येऊन वास घेऊन गेले. झुंबरभाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला बॉनेट उघडून दाखवत होते.

निरोपाच्या आदल्या दिवशी, सहज म्हणून पुन्हा वाचायला बसलो तर त्या टोपीचं खरं कारण सापडलं. इंजिन साच्यात ओततात तेव्हा आत वाळू भरलेली असते. ओतून झालं की ती वाळू काढायला भोकं लागतात, आणि ती भोकं मग या टोप्यांनी बुजवतात. थंडीची गोष्ट लोकांनी मागाहून चिकटवली. भोकं पडतात ती वस्तू घडताना.  आपल्या शाळेतही, घडताना राहून गेलेलं एक भोक कमळाबाईंनी इतकी वर्षं बुजवून धरलं होतं, आणि आत सगळं फिरतंय तोवर तिकडे कुणी वाकून पाहिलं नव्हतं. मला हे फार आवडलं. इतकं की मी ते भाषणात घेतलं.

घ्यायला नको होतं. समारंभात मी साचा, वाळू, भोक असं रंगवत रंगवत "आणि कमळाबाई म्हणजे आपल्या संस्थेची ती टोपी" इथवर आलो तेव्हा सभागृहात कुणी खोकलं. कमळाबाईंनी शेजारी बसलेल्या सुलभाच्या कानाशी वाकून विचारलं, "सर मला झाकण म्हणाले का?" सुलभा म्हणाली, "चांगल्या अर्थाने." नेमकी तेव्हाच विजेची घंटा गुरगुरली. सवयीने कमळाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या, मग काहीतरी आठवल्यासारखं करून पुन्हा बसल्या आणि पदराशी चाळा करत राहिल्या. बाकी सगळे टाळ्या वाजवत होते.

सव्वीस जानेवारीच्या उरलेल्या पताका आणि झेंडूच्या माळा बांधून गाडी फाटकाशी उभी होती. शाळेने कमळाबाईंना भेट म्हणून हातांची प्लास्टिकची खुर्ची दिली होती, कारण नोकरीभर त्यांना बसायला कुणी सांगितलं नव्हतं. ती खुर्ची टपावर, पाय आभाळाकडे करून बांधली. मागे रूपाली मॅडम आणि सुलभा, त्यांच्या मांडीवर शाली, नारळ आणि फुलांचे गुच्छ. पुढे कमळाबाई. नवी जांभळी साडी, गळ्यात हार, हात मांडीवर. त्या बसल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं, हलकेच, झोपलेलं मूल जागं होईल अशा बेताने.

 खानवेलच्या बाजारात कमळाबाई म्हणाल्या, "सर, जरा हळू." मी हळू केली. "अजून हळू." भाजीवाल्या बायकांनी माना वर केल्या, एकीने दुसरीला कोपराने ढोसलं, आणि कमळाबाईंनी हातही न हलवता, मान ताठ ठेवून त्या सगळ्यांना आपल्याकडे बघू दिलं. रूपाली मॅडमनी मागून विचारलं, "कसं वाटतंय?" कमळाबाई म्हणाल्या, "पुढून रस्ता वेगळाच दिसतो." माझा ऊर भरून आला. त्या भरात मी गरमीच्या काट्याकडे बघायला विसरलो.

खानवेल सोडलं, सागाचं रान सुरू झालं, वळणं चढायला लागली. आधी वास आला. "कुणाकडे तरी वरण उकळतंय," रूपाली मॅडम म्हणाल्या, पण आजूबाजूला घर एकही नव्हतं. मग बॉनेटच्या फटींतून वाफ आली. मी गाडी कडेला घेऊन बंद केली, आणि बंद करतो न करतो तोच खालून 'टप्' असा आवाज होऊन सळसळत पाणी सुटलं. टोपी गेली होती. माझ्या सासूबाईंच्या हळदीने गळतं भोक तर बुजवलंच होतं, पण रेडिएटरच्या नळ्याही बुजवल्या होत्या. इंजिन तापून तापून अखेर त्याने सडकी टोपी थुंकून टाकली. पिवळंधमक पाणी वाफाळत रस्त्यावर पसरलं. मी वाकून बघायला गेलो, उरलंसुरलं माझ्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर आलं, आणि मी भाजलो नाही एवढंच.

तेवढ्यात एक मोटरसायकलवाला थांबला. त्याने पताका पाहिल्या, हार पाहिला, टपावरची खुर्ची पाहिली, पिवळा मी पाहिला, आणि विचारलं, "लगीन कोणाचा?"

मागून दुधनीचीच प्रवासी जीप आली. ड्रायव्हर ओळखीचा. "मावशी, या, सोडतो की," तो म्हणाला. रूपाली मॅडमना हायसं वाटलं. "जा कमळाबाई, खरंच जा. तिकडे सगळे वाट बघत असतील."

कमळाबाई हलल्या नाहीत. जीपच्या मागच्या फळीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि समोर बघत म्हणाल्या, "हिच्यातून तर मी जन्मभर गेले, मॅडम."  आणि हार त्यांनी गळ्यातून काढून मांडीवर ठेवला. ते बघून मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की समोरच्या सागावर डोकं आपटावंसं वाटलं. टॅक्सी सांगितली असती तर या एव्हाना घरी असत्या. मला माझी गाडी मिरवायची होती.

जीप गेली. तिने निरोप पोचवला असावा, कारण काही वेळाने काळू आणि त्याचे दोस्त मोटरसायकलींवरून आले. काळू दांडगा, हसरा गडी. त्याने इंजिनात डोकावून "आयला, कढी!" म्हटलं आणि बाह्या सरसावल्या. चढ थोडाच राहिला होता, पुढे थेट गावापर्यंत उतार. ढकलायचं ठरलं. मी सुकाणूवर, कमळाबाई शेजारी, बाकीचे मागे. पण गाडी जागची हलेना. मग सुलभा आणि मॅडम साड्या खोचून मागे लागल्या. तरी हलेना. आणि मी काही बोलायच्या आत कमळाबाई दार उघडून उतरल्या, चपला हातात घेतल्या, आणि मागे जाऊन खांदा लावला.

गाडी हलली. आता चित्र असं होतं, की झेंडूने सजवलेल्या गाडीत मी एकटा बसलेलो, आणि जिचा सत्कार होता ती बाई अनवाणी मला ढकलत होती. समोरून एक एसटी आली. खिडक्या-खिडक्यांतून लोक माझ्याकडे बघत होते. एका आजोबांनी तर मला नमस्कार केला. मी तो घेतला, कारण दुसरं काय करणार होतो? आरशात मला कमळाबाईंचा चेहरा दिसत होता. घामाने कुंकू ओघळलेलं, दात घट्ट आवळलेले. माझ्या आयुष्यात मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं, आणि ते चांगल्या अर्थाने नव्हे.

चढ संपला. खाली जलाशयाचं पाणी सोन्यासारखं चमकत होतं, काठाला होड्या, आणि उताराच्या टोकाला दुधनीची घरं. एका घराची पुढची भिंत नवी कोरी निळी. तिथे माणसं जमलेली दिसत होती आणि वाजंत्रीचा आवाज वाऱ्यावर येत होता. मी हँडब्रेक ओढला आणि उतरलो.

"कमळाबाई, बसा."

त्या पदराने तोंड पुसत शेजारच्या दाराकडे निघाल्या.

"तिकडे नाही," मी म्हणालो. "इकडे."

"जयवंत सर!" रूपाली मॅडम म्हणाल्या. नियम त्यांच्या तोंडावर आलेला मला दिसला. पण या बाबतीत खात्याचा नियम काय आहे, ते त्यांना चटकन आठवेना.

"इंजिन बंद आहे," मी म्हणालो. "बंद गाडीला कुणीही चालेल. नुसतं सरळ धरायचं."

मग मी आयुष्यातला सर्वांत छोटा तास घेतला. हे चाक, हे मधलं ब्रेक, वेग वाटला की मधलं दाबायचं, हळूहळू, सोडायचं नाही. कमळाबाईंनी चपला बाहेर काढून ठेवल्या, देवळात शिरताना ठेवतात तशा, आणि आत बसल्या. हार पुन्हा गळ्यात घातला. पाय पोचत नव्हते म्हणून सगळ्या शाली पाठीमागे दिल्या. "मधला," त्या पुटपुटल्या. "कळला, सर."

मी खिडकीतून हात घालून हँडब्रेक सोडला, आणि काळूने एक हलका धक्का दिला.

गाडी निघाली. आवाज नाही, धूर नाही. टपावर खुर्ची, पताका फडफडतायत, आणि कमळाबाई दोन्ही हातांनी चाक धरून, मान ताठ, उतारावरून चालल्यात. आधी आम्ही बरोबरीने चालत होतो. मग भरभर चालायला लागलो. मग पळायला लागलो, आणि मग मागेच पडलो. "ब्रेक!" मी ओरडलो. "मधलं! कमळाबाई, मधलं!" सुलभा कमळाबाईंच्या चपला हातात घेऊन पळत होती.  आत्ता ही बाई तळ्यात गेली तर खात्याला मी काय उत्तर देणार होतो? आणि खातं राहू दे, त्या निळ्या भिंतीसमोरच्या माणसांना काय सांगणार होतो?

पण उताराच्या शेवटाला गाडीचा वेग मंदावला. आणखी मंदावला. वाजंत्री थांबली. माणसं दोन बाजूंना झाली, आणि निळ्या भिंतीसमोर, अगदी दारात, गाडी येऊन उभी राहिली. पुढे एक हातभरही नाही, मागेही नाही. शाळेची चटई अंथरताना त्या अशाच बरोबर अंथरायच्या.

 मग हॉर्न वाजला. एक लांब. जरा थांबला. आणि मग भराभर, भराभर, भराभर.

मी पळता पळता थांबलोच. कुठल्या कुठल्या घरांतून, होड्यांवरून, झाडांवरून पोरं ओरडत धावत सुटली. त्यांना त्या घंटेचं काही माहीत नव्हतं, पण ती कशाची आहे हे त्यांना बरोबर कळलं होतं. रूपाली मॅडमनी माझ्या शेजारी येऊन, धापा टाकत, डोळ्यांना पदर लावला. आणि माझंही तेच झालं, उगाच लपवू कशाला.

आम्ही पोचलो तेव्हा लेकीचं कमळाबाईंना ओवाळून झालं होतं आणि त्या गाडीतच, चाकाशी बसून होत्या. उतरायला तयार नव्हत्या. गावातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. घामाने निथळलेला, एका बाहीला पिवळा, हातात बायकांच्या पर्स.

"हे कोण, कमळे?" त्यांनी विचारलं.

कमळाबाईंनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच, शाळेत कधी हसल्या नव्हत्या तशा, मोकळ्या हसल्या.

"ते होय? आमच्या शाळंतले सर आहेत," त्या म्हणाल्या. "गाडी ढकलायला आलेत."

घरच्यांनी मला पाणी दिलं आणि ती नवी खुर्ची टपावरून सोडून बसायला दिली. मी बसलो.